घरीच असते ना ती!

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘घरून काम करताना : वेळेचं नियोजन आणि आरोग्य’ असा छापला आहे. विषय चांगला आहे. त्यावर सांगण्यासारखंही पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या वाचनात आलेलं असेल. कामासाठी वेगळी खोली ठेवा. सकाळी आंघोळ करून, कपडे बदलूनच कामाला बसा. कामाची वेळ ठरवा आणि ती संपली की उठा. पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. फक्त तो देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट माणूस आहे. त्या माणसाला वेगळी खोली मिळते, त्यानं दार लावलं की ते लावलेलंच राहतं, आणि दुपारी एक वाजता त्याच्यासमोर ताट येतं. ते ताट कुठून येतं, याबद्दल त्या सल्ल्यात काही नसतं.

म्हणून मी जरा अलीकडून सुरुवात करणार आहे. बाई घरात बसून जे करते ते काम आहे, हे त्या घराला मान्य आहे का, इथून. ते मान्य नसेल तर कसलं नियोजन आणि कसलं आरोग्य!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहरातली हजारो ऑफिसं एका आठवड्यात घरात आली. तेव्हाचं तुमचं घर जरा आठवून बघा. कोण कुठे बसलं होतं? आम्ही नंतर वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये जेवढ्या बैठका घेतल्या, त्या प्रत्येक बैठकीत मी हा प्रश्न विचारला. उत्तरं ऐकून हसू यायचं. नवरा आतल्या खोलीत, कारण त्याच्या मीटिंगा महत्त्वाच्या. मुलगा बाहेरच्या खोलीत, कारण त्याची शाळा. सासरे टीव्हीसमोर, ती त्यांची जागा. आणि ती? जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, भाजी आणि लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवून. एक शिक्षिका ओट्यापाशी उभी राहून शिकवायची, कारण नेटवर्क तिथेच मिळायचं, असं ती सांगायची. मी तिला म्हटलं, नेटवर्कनं बरोबर जागा शोधली हो!

घरातली जागा कुणी वाटून दिली नव्हती. भांडणंही झाली नाहीत. ज्याचं काम जितकं ‘काम’ मानलं जातं, तितकी त्याला जागा मिळाली.

आता या सभागृहाकडे बघा. इथे कंपनीची, बँकेची, विम्याची कामं घरून करणाऱ्या मैत्रिणी आहेत. आणि त्यांच्या शेजारी पापड लाटणाऱ्या, साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या बायका आहेत. पहिल्या मैत्रिणींना वाटतं घरून काम ही नवी गोष्ट आहे, २०२० मध्ये आली. दुसऱ्यांना हे ऐकून गंमत वाटत असणार. त्यांच्या आयांनीही घरूनच काम केलं आहे.

मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार जेवायचे कुठे? खानावळवाल्या बाईकडे. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे उठून ती पाळ्यांप्रमाणे डबे आणि ताटं तयार करायची. वाण्याकडून उधारीवर सामान, त्यावर व्याज, महिनाअखेर हातात उरायचं ते थोडंच. या बायकांना एकत्र करून १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि त्यांना बँकांची कर्जं मिळवून दिली. तोवर या बायकांची नोंद कामगार म्हणून कुठेही नव्हती. गिरणीतला माणूस कामगार. त्याला दोन वेळा जेवू घालून गिरणी चालू ठेवणारी बाई मात्र घरीच! त्याच्या आधी १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते लिज्जत आज तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड मोजून द्यायचे. पापड वाळवायलाही घरात जागा लागते, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

एम.एस.डब्ल्यू. करताना माझं क्षेत्रकार्य काही काळ सोलापूरला होतं, विडी कामगार बायकांमध्ये. सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन मी दारोदार जायचे. ‘तुम्ही काय करता?’ या रकान्यासमोर पहिल्या दिवशी सात-आठ जणींनी एकच उत्तर दिलं, ‘काही नाही, घरीच असते.’ हे सांगताना मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि बोटं चाललेली! बोलणं थांबलं तरी बोटं थांबत नव्हती. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई ‘काही नाही’ करत होती. मग मी प्रश्न बदलला. ‘आज किती झाल्या?’ असं विचारलं की लगेच आकडा मिळायचा.

त्या बायकांकडून मी जे शिकले ते वर्गात शिकले नव्हते. विडीच्या धंद्यात कारखानदार बाईला पानं, तंबाखू आणि दोरा देतो. बाकी सगळं तिचं. जागा तिची, दिवाबत्ती तिची, पानं भिजवायचं पाणी तिचं, सूप आणि कात्री तिची. पानं खराब निघाली की घट तिच्या माथी. विड्या पसंत पडल्या नाहीत की छाट, त्याचे पैसे नाहीत. तंबाखूची धूळ तिच्या भांड्यांवर आणि तिच्या लेकरांच्या नाकात. याला ‘बायकांची सोय’ म्हणतात. घर सांभाळून चार पैसे मिळतात, आणखी काय पाहिजे? पण नीट हिशेब मांडलात तर दिसेल की सोय झाली ती मालकाची. इमारतीचं भाडं वाचलं, पाळणाघर वाचलं, संडास बांधायचा वाचला, आणि बायका एका छपराखाली न आल्यामुळे युनियनचा त्रासही कमी झाला. तरी या बायकांनी संघटना केली. सोलापूरजवळ कुंभारीला कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये घरं हातात आली. मला त्या मागणीत एक वेगळा अर्थ दिसतो. ज्या बाईचं घर हाच कारखाना आहे, तिनं घर मागणं म्हणजे कामाची जागा मागणं आहे.

आता लॅपटॉपवाल्या मैत्रिणी म्हणतील, आमची तुलना विडीशी कशाला? बरोबर आहे, ती तंतोतंत होणार नाही. तुम्हाला महिन्याचा पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, रजा आहे, छाट नाही. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून ‘आपण सगळ्या सारख्याच’ असं म्हणणं मला पटत नाही. पण वीज कुणाची? इंटरनेटचं बिल कोण भरतं? खुर्ची कुणी आणली? आणि तुम्हाला घरून काम करायची परवानगी मिळाली तेव्हा साहेबांनी कोणता शब्द वापरला? सोय. तोच.

थोडी आकडेवारी देते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती नोंद. २०१९ मध्ये १०० बायकांपैकी ८१ जणी दिवसभरात घरचं बिनपगारी काम करत होत्या, १०० पुरुषांपैकी २६ जण. जे करत होते त्यांचाच हिशेब घेतला, तरी बाईचे दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषाचे ९७. पाच वर्षांनी, म्हणजे मधली टाळेबंदी आणि घरून काम हे सगळं होऊन गेल्यावर, बाईचे २८९ आणि पुरुषाचे ८८. बाईचं काम दहा मिनिटांनी कमी झालं, आणि पुरुषांनीही आपलं नऊ मिनिटांनी कमी करून घेतलं! २८९ मिनिटं म्हणजे जवळपास पाच तास. नोकरीचे आठ-नऊ तास यांच्या शेजारी ठेवून बघा. बाई ऑफिसला जायची तेव्हा हे पाच तास सकाळ-संध्याकाळ असे दोन तुकड्यांत होते. घरून काम सुरू झालं की त्यांचे शंभर तुकडे होतात आणि ते नोकरीच्या तासांमध्ये पसरतात. थकवा नुसत्या तासांचा नसतो, या तुकड्यांचाही असतो.

आमच्या समुपदेशन केंद्रात गेल्या वर्षी एक जण आली. तिशीतली, विमा कंपनीचे दावे तपासायचं काम, हडपसरच्या बाजूला राहणारी. तीन वर्षांपासून पूर्ण वेळ घरून. मारहाण नाही, दारू नाही. नवरा बरा, सासूबाई बऱ्या. तक्रार काय, तर झोप लागत नाही आणि ‘मला आता काम जमत नाही, माझं डोकं पहिल्यासारखं चालत नाही.’ डॉक्टरांकडे जाऊन आली होती, रक्त तपासून झालं होतं. ती स्वतःलाच दोष देत होती. फोनवर सकाळी उठण्याचे आणि एकाग्रतेचे कार्यक्रम ऐकून तिनं तीन वेळापत्रकं केली होती आणि तिन्ही मोडली होती.

आम्ही तिला एक साधी वही दिली. म्हटलं, आठवडाभर काही सुधारू नका. फक्त कामाला बसल्यावर जितक्या वेळा उठाल तितक्या वेळा एक रेघ मारा आणि पुढे दोन शब्द लिहा, कशासाठी उठलात. मंगळवारच्या पानावर २२ रेघा होत्या. गॅसवाला. कुकरची शिट्टी. पार्सल, शेजारच्यांचं. मुलीची शी. सासूबाईंची गोळी. नवऱ्याचा फोन, ‘कपाटातल्या कागदाचा फोटो पाठव.’ शेजारीण किल्ली ठेवायला. नणंद आली, चहा. पाण्याची टाकी. नवऱ्याचा पुन्हा फोन. यातलं कुठलंच काम कुणी दुष्टपणानं सांगितलेलं नव्हतं, आणि कुठलंच काम दोन-पाच मिनिटांपेक्षा मोठं नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘तू आहेसच ना घरी!’

त्या वहीनं तिचं पहिलं भलं हे केलं की डोकं बिघडलेलं नाही हे तिला कळलं. २२ वेळा उठून कुठलाही पुरुष विम्याचे दावे तपासू शकला असता का? मग आम्ही घरच्यांची बैठक घेतली. नवऱ्यानं वही चाळली आणि म्हणाला, ‘पण हे तर सगळं किरकोळ आहे.’ आम्ही काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. त्यांनी स्वतः अठरा वर्षं दुकानातून साड्या आणून घरी फॉल-बिडिंग केलं होतं, हे तोवर आम्हाला ठाऊकही नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘किरकोळ नसतं रे ते. मी मशीनवर बसले की तुझे बाबा नेमका चहा मागायचे. उठलं की टीप हुकायची, मग साडी उसवा. तुझ्या दहावीची फी त्या साड्यांतून गेली, पण मशीनवर बसले असताना मला कुणी कामावर आहे असं म्हटलं नाही.’ मग सुनेकडे वळून, ‘हिच्या मशीनला आवाज नाही गं, म्हणून मला कळलं नाही.’

हे ऐकून सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. सकाळचा डबा आणि मुलीला शाळेत सोडणं नवऱ्यानं घेतलं, ते अजून टिकून आहे. दुपारी बारा ते चार दाराची घंटा सासूबाई बघतात. नणंदेला राग आला, तो अजून आहे. झोप सुधारली. पण त्याच वर्षी तिच्याबरोबरच्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला बढती मिळाली आणि तिला मिळाली नाही. वरिष्ठ म्हणाले, ‘तुम्ही दिसत नाही ना.’ म्हणजे घरात ती काम करताना दिसत नव्हती आणि ऑफिसात ती स्वतःच दिसत नव्हती.

नियोजनाचं म्हणाल, तर विडीवाल्या बायकांकडे त्याची फार जुनी पद्धत आहे. त्या तासांत मोजत नाहीत, नगांत मोजतात. जेवणाआधी इतक्या जुड्या, चारच्या आत इतक्या. आपल्यासारख्यांचे तास आपल्या हातात नसतात, पण दिवसाचं काम तीन ढिगांत वाटता येतं. सर्वात लक्ष लागणारा ढीग त्या वेळेला ठेवा जेव्हा घर सर्वात शांत असतं, मग ती वेळ पुस्तकात काहीही सांगितलेली असो. आणि त्या भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, मांडीवर सूप घेऊन बसतात. सूप मांडीवर असलं की लेकरू मांडीवर येत नाही. एका खोलीच्या घरातही कामाची खूण लागते. कुणी ओढणी खुर्चीला बांधतं, कुणी टेबलावर विशिष्ट चादर घालतं. खूण काय आहे याला महत्त्व नाही. ती दिसली की हाक मारायची नाही, हे सगळ्यांसमोर ठरलेलं असलं पाहिजे. आणि एकदा ठरवून भागत नाही, पहिले पंधरा दिवस रोज आठवण करून द्यावी लागते, कंटाळा न करता.

शरीराबद्दल दोन गोष्टी जरा सविस्तर सांगते. पलंगावर मांडी घालून लॅपटॉपवर वाकून काम करणाऱ्या बाईची मान आणि खांदे, आणि सुपावर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची मान आणि खांदे, यात फरक नाही. महाग खुर्ची नसेल तर लॅपटॉपखाली जाड पुस्तकं किंवा डबा ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणा आणि टंकनासाठी वेगळा कळफलक घ्या. तो फार महाग नसतो. कोपर काटकोनात राहू द्या, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. आता ‘अर्ध्या तासानं उठा’ हा सल्ला. बायका म्हणतात, आम्ही तर सारख्याच उठतो. नाही हो. कुकर बंद करायला उठणं ही विश्रांती नाही, तो दुसऱ्या पाळीवर जाणं आहे. विश्रांतीसाठी उठायचं म्हणजे खिडकीपाशी जायचं, लांबचं झाड बघायचं, खांदे फिरवायचे आणि स्वयंपाकघरात पाऊल न टाकता परत यायचं. हे पाच मिनिटांचं ‘काही न करणं’ बायकांना सर्वात अवघड जातं, असा माझा अनुभव आहे. आणि जेवायला बसा. ओट्यापाशी उभ्यानं, उरलेल्या पोळीत भाजी गुंडाळून खाणं म्हणजे जेवण नव्हे. ऑफिसात डबा उघडून चौघीजणी बसत होतात ना?

त्या चौघीजणींबद्दलच बोलायचंय. घरून काम करून प्रवासाचे दोन तास वाचले, असं सगळे म्हणतात. मुंबईच्या मैत्रिणींना विचारा. पश्चिम रेल्वेवर १९९२ मध्ये लेडीज स्पेशल सुरू झाली. त्या गाडीत आणि साध्या लोकलच्या बायकांच्या डब्यात काय चालतं? भाजी निवडणं चालतं हे खरं, पण भिशी चालते, वाढदिवस होतात, नवरात्रात एका रंगाच्या साड्या नेसल्या जातात, ‘माझ्या गाठीची सोनोग्राफी कुठे करू’ हे विचारलं जातं, आणि नवऱ्यानं हात उचलला तर तेही तिथेच पहिल्यांदा सांगितलं जातं. गर्दी, धक्के, घाम हे सगळं होतंच. तरी दिवसातला तेवढाच वेळ ती कुणाची आई, सून किंवा हाताखालची नव्हती. तो वेळ ‘वाचला’ आणि घरानं खाल्ला. म्हणून घरून काम करणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, काम सुरू करण्यापूर्वी किंवा संपल्यावर अर्धा तास घराबाहेर पडा. भाजी आणायला नव्हे, रिकाम्या हातानं. आठवड्यातून एकदा तरी आपल्यासारखंच काम करणाऱ्या बाईला भेटा. विडीवाल्या बायका दुपारी एका ओट्यावर चौघी मिळून बसतात, वळता वळता बोलतात. त्यांचं काम त्यानं घटत नाही.

आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे काय? टाळेबंदीत आमचं केंद्र बंद होतं आणि मी माझ्या घरून फोनवर समुपदेशन करत होते. बायका संडासात नळ सोडून बोलायच्या, कचरा टाकायला खाली उतरून बोलायच्या. एक जण वाक्याच्या मधेच ‘हो हो, दोन किलो डाळ पाठवा’ म्हणायची, म्हणजे मला कळायचं की नवरा आला. त्या वेळी अशा तक्रारी इतक्या वाढल्या की एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा क्रमांक सुरू करावा लागला. या बायकांसाठी नोकरीची जागा म्हणजे दिवसातले नऊ सुरक्षित तास होते. म्हणून ‘बायकांना घरून काम द्या, म्हणजे त्यांचे प्रश्न सुटतील’ असं कुणी सरसकट म्हटलं की मी विरोध करते. हवं तिला मिळावं, नको तिच्यावर लादू नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, पण तक्रार करायला बाईला आधी घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आलं पाहिजे.

कायद्याचं आणखी थोडं. रात्री दहाला व्हिडिओवर बोलावणारा, ‘घरच्या कपड्यांत छान दिसता’ म्हणणारा साहेब असेल, तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहत्या घराचाही उल्लेख आहे, हे त्याला आणि स्वतःला सांगा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार समिती असलीच पाहिजे, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून संदेश पुसू नका. बाळंतपणाबद्दल : २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली, आणि रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीनं घरून काम करता येईल अशी तरतूद आली. त्याच दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. पण आमच्याकडे येणाऱ्या मुली सांगतात, पाळणाघराचं विचारलं की उत्तर येतं, ‘घरून करा ना काम.’ तान्हं बाळ मांडीवर घेऊन आठ तास काम होतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा करून बघावं. ही दोन वेगळी कलमं आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

आणि नगावर काम करणाऱ्या बहिणींसाठी : जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये घरखेप कामाबद्दल १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरी बसून काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी हे त्याचं सूत्र. त्यासाठी इलाबेन भट्ट आणि ‘सेवा’च्या बायकांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती. आपल्या देशानं त्यावर अजून सही केलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘घरून काम करणारा कामगार’ ही व्याख्या आली आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागूही झाल्या. विडी कामगारांचा १९६६ चा वेगळा कायदा त्यात विलीन झाला. व्याख्येतून पैसा हातात कसा पडेल, हे आता आपल्याला पाठपुरावा करून बघायचं आहे, आणि त्यात लॅपटॉपवाल्या मैत्रिणींची मदत लागेल. फॉर्म आता ऑनलाइन भरायचे असतात, आणि तुम्हाला ते येतं.

माझं बोलणं लांबलं. दाराजवळच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीनं एक घ्या. सोमवार ते शनिवार, कामाला बसल्यावर उठलात की रेघ आणि कारण. ज्या नगावर काम करतात त्यांनी मागच्या पानावर नगही लिहा, आणि छाट किती ती वेगळी. वही घरात लपवावी लागेल अशी परिस्थिती असेल तर घरी नेऊ नका, बुधवारी दुपारी केंद्रावर या, आपण आठवून लिहू. नवऱ्यांसाठीही काही वह्या जादा छापून घेतल्या आहेत. चौदा उरल्या आहेत, बघू किती जातात.